येळवशीची सुट्टी कोणाच्या हिशोबात?

गेल्या 19 डिसेंबरला वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातली शेतातल्या पूजेची अमावस्या, होती. आमच्याकडं औशाच्या बाजूला तिला कोणी वेळ अमावस्या म्हणत नाही, येळवस म्हणतात. कडब्याची कोप, कोपीत चुना लावलेले पाच पांडव, पूजा झाल्यावर ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकाभोवती आंबील शिंपडत मारलेली फेरी, आणि मग पंगत. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, शेंगाची पोळी, आंबिलीचं बिंदगं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं बोलवायचं, ही रीत. त्या दिवशी लातूर शहराच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही, संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. तर अशा पंगतीत, दुसरं उंडं कुस्करताना, वाद पेटला. अमावस्या आली होती शुक्रवारी. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी, त्याला लागून शनिवार-रविवार. सरकारी कचेऱ्या सरळ तीन दिवस बंद.

आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी सुरू झाले. “तीन-तीन दिवस टाळं. देश कुठं चाललाय आन् आपन बसलाव भज्जी खात.” (स्वतः गुरुजींचीही तिसरी वाटी चालली होती, पण ते असो.) पुण्याहून आलेला माझा भाचा खासगी कंपनीत आहे. त्याला स्थानिक सुट्टी नाही, त्यानं किरकोळ रजा टाकून शुक्रवार मिळवला होता. तो म्हणाला, “गुरुजी, वर्षाच्या आठ रजा माझ्या हक्काच्या हायत. त्या कुठं जोडायच्या ते मी ठरवीन.” मग कोण म्हणालं जपानमध्ये लोक रजाच घेत नाहीत, कोण म्हणालं युरोपात महिना-महिना घेतात. आंबील संपली तरी वाद संपला नाही.

हा वाद दर वर्षी नवं कॅलेंडर भिंतीला लागलं की होतो आणि दर वर्षी तितकाच वाईट होतो. एक बाजू म्हणते सुट्ट्या फार झाल्या, दुसरी म्हणते माणसाला विश्रांती हवी. दोन्ही बाजू मोजतात ते दिवस. माझं म्हणणं असं की प्रश्न दिवस किती, हा नाहीच. तो दिवस कोणाच्या पंचांगावरून ठरतो आणि तो किती आधी कळतो, हा प्रश्न आहे. सुट्टी जितकी माणसाच्या गावाजवळ ठरेल तितकी ती उपयोगाची. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांना आपले दिवस ठरवण्याचा अधिकार आज आहे त्यापेक्षा जास्त हवा, तो वेळेवर वापरला जायला हवा, आणि त्या दिवसांना जोडून रजा काढणाऱ्या माणसाकडं कामचुकार म्हणून बघणं आपण सोडायला हवं.

आधी गुरुजींचं जे खरं आहे ते मान्य करतो. त्यांची बाजू हलकी नाही. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2022 मध्ये एका प्रकरणात म्हटलं की सार्वजनिक सुट्टी हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, आणि आपल्याकडं सुट्ट्या आधीच खूप आहेत, त्या वाढवण्यापेक्षा कमी करायची वेळ आली असावी. गंमत अशी की ते प्रकरण कोणत्या यात्रेचं नव्हतं. 2 ऑगस्टला, म्हणजे दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीच्या दिवशी, सुट्टी द्या अशी मागणी होती. 15 ऑगस्टला सुट्टी असते, मग आमच्या मुक्तीच्या दिवशी का नाही, असा अर्जदाराचा सवाल. मराठवाड्याच्या माणसाला हा सवाल ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही.

दुसरं खरं मी स्वतः भोगलेलं आहे. वडील गेल्यावर वारसाची नोंद करायला एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. पहिल्या चकरेला सुट्टी होती, ती मला माहीत नव्हती. दुसऱ्या चकरेला कार्यालय उघडं होतं, पंखा फिरत होता, पण टेबलावर माणूस नव्हता. आदल्या दिवशीची सुट्टी आणि पुढचा शनिवार यांच्या मधला तो एकुलता एक कामाचा दिवस, साहेबांनी रजेनं सांधला होता. चार्ज कोणाकडं? कोणाकडंच नाही. माझ्या मागं रांगेत एक म्हातारी होती, ती दीडशे रुपये भाडं घालून आली होती आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. “सुट्टी जोडून घेतली” हे वाक्य तिच्या तोंडून मी जसं ऐकलं तसं इथं लिहिता येणार नाही. तेव्हा जोडून घेतलेल्या रजेची किंमत कोणीतरी मोजतं, हे मला कोणी शिकवायला नको.

पण या दोन्ही चकरांमध्ये दोष कोणाचा होता, ते नीट बघू. पहिल्या चकरेची सुट्टी राज्याच्या यादीतली होती. आमच्या गावात त्या दिवशी काही नव्हतं, शेतात नव्हतं, देवळात नव्हतं, बाजारही रोजच्यासारखा भरला होता. माणसं मोकळी होती, म्हणूनच तर मी त्या दिवशी काम काढलं. उलट येळवशीला कचेरी उघडी ठेवली असती तर तिथं गेलं कोण असतं? ज्याचं काम असतं तो शेतात, जो काम करतो तोही शेतात. जी सुट्टी गावाच्या जगण्यातून आलेली असते त्या दिवशी गैरसोय कमीत कमी होते, कारण त्या दिवशी लोक आपणहून काम घेऊन येत नाहीत. आणि दुसऱ्या चकरेचा दोष रजेचा नव्हता, चार्ज न देण्याचा होता. रजा महिनाभर आधी टाकलेली असेल, कार्यालयाबाहेर “या तारखेला अमुक कामं होतील, अमुक होणार नाहीत” असा एक कागद डकवला असेल, तर ती म्हातारी आलीच नसती. आपण राग मात्र रजेवर काढतो. रजा नाकारली की माणूस काय करतो हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तो ‘दौऱ्यावर’ जातो.

सुट्टी कोणाच्या पंचांगावरून, हा प्रश्न आपल्याकडं नवा नाही. निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारची होती. सरकारी कागद फसली सनात चालत. आपण ज्याला 1948 म्हणतो ते दप्तरात 1357 फसली होतं. आमच्या आज्याच्या जुन्या पावत्यांवर तेच आकडे आहेत. बाकी देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, आम्ही 17 सप्टेंबर 1948 ला. मधे तेरा महिने आणि दोन दिवस. मग शुक्रवार गेला, रविवार आला. फसली गेलं, इंग्रजी सन आला. 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. प्रत्येक वेळी कॅलेंडर वरून खाली आलं. वरच्यांचा हेतू दर वेळी वाईट होता असं नाही. पण ज्या प्रदेशाच्या मुक्तीची तारीखसुद्धा देशाच्या तारखेपेक्षा वेगळी, त्याच्या वर्षाचे सगळे दिवस मुंबईतल्या एका यादीत बसतील असं समजणं भाबडेपणाचं आहे. उच्च न्यायालय म्हणालं सुट्टी हा मूलभूत हक्क नाही. बरोबर आहे, नसेल. हक्क नाही म्हणून ती मागूच नये असं त्यातून निघत नाही. मी न्यायालयात काही मागतच नाही, मी धोरणाबद्दल बोलतोय.

आणि ज्या रविवारला आपण निसर्गनियमासारखा धरून चालतो, तोही असाच मागून मिळालेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली, तेव्हा त्यांनी काय कारण दिलं? रविवार हा खंडोबाचा वार आहे. साहेब रविवारी चर्चमध्ये जातो म्हणून आम्हालाही द्या, असं ते म्हणाले नाहीत. गिरणीत राबणाऱ्या माणसाचा देव पुढं केला. वर्षानुवर्षं भांडून 10 जून 1890 ला ती सुट्टी मान्य झाली. गिरणीमालकांचा तेव्हाचा युक्तिवाद आजच्या गुरुजींहून फार वेगळा नसणार. उत्पादन बुडेल, कामगार आळशी होतील, सुट्टीचा दिवस दारूत घालवतील. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, गिरण्या संपल्या, पण त्या रविवारमुळं संपल्या असं कोणी म्हणत नाही. सुट्टी मागताना लोकांच्या पंचांगाकडं बोट दाखवणं हा मागासपणा नव्हे, हे लोखंड्यांना 19व्या शतकात कळलं होतं.

खंडोबावरून आठवलं. येळवस आणि माळेगावची यात्रा एकाच सुमारास येतात. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची जत्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते. घोडे, उंट, गाढवं, सगळ्याचा बाजार. उदगीरच्या बाजूला ज्यांची घरं आहेत आणि मुखेडच्या बाजूला ज्यांच्या सोयरिकी आहेत, त्यांच्या घरात एक भाऊ लातूर जिल्ह्यात नोकरीला आणि दुसरा नांदेड जिल्ह्यात असतो. एकाला सुट्टी, दुसऱ्याला नाही. मधे जिल्ह्याची रेघ. लातूर जिल्हा धाराशिवमधून 1982 मध्ये निघाला, त्या आधी लातूरची आणि धाराशिवची माणसं एकाच आदेशाखाली होती. म्हणजे जिल्हा हीसुद्धा काही पवित्र मोजपट्टी नाही, सणांची हद्द महसुलाच्या हद्दीवर थांबत नाही. पण राज्यापेक्षा जिल्हा बरा, आणि जिल्ह्यापेक्षा तालुका बरा. पैठणला नाथषष्ठी, तुळजापूरला नवरात्र आणि आश्विन पौर्णिमा, खुलताबादचा उरूस, नांदेडला शिखांचा हल्लाबोल, परळी-औंढ्याची शिवरात्र. आठ जिल्ह्यांचा एक मराठवाडा म्हणायला ठीक आहे, पण त्याच्या सणांचा नकाशा काढायचा तर गावोगाव रंग बदलावे लागतील.

सध्याची व्यवस्था काय आहे? राज्य सरकार वर्षाला साधारण दोन डझन सार्वजनिक सुट्ट्या जाहीर करतं. त्यावर जिल्हाधिकाऱ्यांना तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात. त्या आदेशाच्या शेवटी एक ओळ हमखास असते, की हा आदेश न्यायालयांना आणि अधिकोषांना लागू नाही. (बँकेला ‘अधिकोष’ म्हणणारा माणूस मला या आदेशाबाहेर अजून भेटलेला नाही.) म्हणजे येळवशीला तहसील बंद, बँक चालू, आणि बँकेतला कॅशियर खिडकीतून शेताकडं बघत बसलेला. खासगी नोकरीत तर हा आदेश पोचतच नाही. तिथं दुकानं आणि आस्थापनांचा 2017 चा कायदा आहे. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथं (2025 च्या दुरुस्तीआधी दहा) वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ठरलेल्या, आणि उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायच्या. आपसांत! माझ्या भाच्याला विचारलं, तुमच्या चार कोणी ठरवल्या? तो हसला. त्याच्या कार्यालयात अर्धी पोरं लातूर, बीड, धाराशिवची आहेत. यादी ईमेलवर येते, तिच्यात येळवस नसते, पोळा नसतो. महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, तर त्यांच्या मनुष्यबळवाल्या बाईंना कोल्हापूरची देवी वाटली.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. शहाणी माणसं म्हणतात, सगळ्यांना एकदम सुट्टी हवीच कशाला? प्रत्येकाला आपापले दिवस निवडू द्या, कचेरी कायम चालू. सहाव्या केंद्रीय वेतन आयोगानं 2008 मध्ये नेमकं हेच सुचवलं होतं. तीन राष्ट्रीय सुट्ट्या सोडून बाकी राजपत्रित सुट्ट्या काढून टाका, आणि ऐच्छिक सुट्ट्या दोनवरून आठ करा. ऐकायला किती न्याय्य! येळवसवाला येळवस घेईल, ईदवाला ईद, नाताळवाला नाताळ, आणि म्हातारीची चकर वाया जाणार नाही. सरकारनं ते स्वीकारलं नाही. माझ्या मते बरं झालं. कारण सुट्टी म्हणजे फक्त कामातून सुटका असती तर हा हिशोब बरोबर आला असता. पण येळवशीचं जेवण एकटा माणूस जेवू शकत नाही. भज्जी पाच जणांची होत नाही, ती कढईभर होते. महालक्ष्म्यांना तीन दिवस लागतात, येणं, जेवण, बोळवण. जेवणाच्या दिवशी घरातली थोरली सून एका कचेरीत, धाकटी दुसऱ्या शाळेत, आणि दोघींच्या ऐच्छिक सुट्ट्यांपैकी एकच मंजूर, तर पुरण कोण वाटणार?

ही नुसती माझी कल्पना नाही, याचा प्रयोग एका मोठ्या देशानं करून पाहिला आहे. सोव्हिएत रशियात 1929 मध्ये सात दिवसांचा आठवडाच मोडला. पाच दिवसांचा आठवडा केला, कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी. यंत्र कधीच बंद राहायचं नाही. कामगाराला सुट्टी पूर्वीपेक्षा जास्त वेळा मिळत होती, दर पाचव्या दिवशी! तरी लोक कुरकुरले. नवऱ्याची सुट्टी एका वाराला, बायकोची दुसऱ्या, पोराची शाळा तिसऱ्या. घरी बसून करायचं काय? 1931 पर्यंत तो प्रयोग गुंडाळावा लागला आणि सगळ्यांना एकत्र विश्रांतीचा दिवस परत द्यावा लागला. देवाधर्माशी काही घेणं नसलेल्या, उत्पादनाशिवाय दुसरं काही न दिसणाऱ्या राजवटीला जे दोन वर्षांत कळलं, ते आपण पुन्हा आठ ऐच्छिक सुट्ट्या देऊन शिकायचं का?

हातावर पोट असणाऱ्यांचं काय, हा प्रश्न गुरुजींनी विचारला नाही, पण मला तो त्यांच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त टोचतो. येळवशीच्या दिवशी बीडकडची ऊसतोड टोळी दुसऱ्याच्या फडात कोयता चालवत असते. दसरा-दिवाळीनंतर घर सोडलेलं, गाळप संपेपर्यंत परत येणं नाही. तिच्यासाठी कोणत्या जिल्हाधिकाऱ्याचा आदेश? वीसच्या आत कामगार असलेल्या दुकानातल्या पोराला 2017 चा कायदा नाही. रोजंदारीवाल्या बाईला सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. याला माझ्याकडं पुरं उत्तर नाही. एवढंच म्हणतो की पगारदाराची सुट्टी काढून घेतल्यानं टोळीतल्या बाईला ती मिळत नाही. लोखंड्यांच्या वेळी सरकारी कचेऱ्यांना रविवार होताच. तो बघून त्यांनी “त्यांचाही बंद करा” असं म्हटलं नाही.

आणखी एक भीती आहे, ती मी हलक्यात घेत नाही. जिल्ह्याला अधिकार दिला की तिथं जो बहुसंख्य त्याचेच सण सुट्टीचे होतील, थोड्यांचे मागं पडतील. म्हणूनच राज्याची यादी कापायची भाषा मी करत नाही. ईद, बुद्धपौर्णिमा, महावीर जयंती, गुरुनानक जयंती, नाताळ, पारशी नववर्ष हे राज्याच्याच यादीत हवेत, कारण जिल्ह्याच्या मर्जीवर सोडले तर ते टिकतील याची खात्री मी देणार नाही. पण एकत्र राहणारी माणसं तारखांचा निवाडा कागदापेक्षा बरा करतात, हेही आपण पाहिलं आहे. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले. मुस्लिम संघटनांनी मिरवणूक दुसऱ्या दिवशी नेली, सरकारनं ईदची सुट्टी 29 ला केली. पुढं शनिवार, रविवार, गांधी जयंती. कचेऱ्या सलग पाच दिवस बंद राहिल्या. तेव्हा बऱ्याच जणांना त्या पाच दिवसांचंच काय ते दिसलं. मला मात्र त्यात एक मोठी गोष्ट दिसते, तारीख म्हणजे दगडावरची रेघ नाही.

मग वाढीव दिवस आणायचे कुठून? उत्तर यादीतच पडून आहे. 2026 मध्ये महाशिवरात्र रविवारी आहे, 15 ऑगस्ट शनिवारी, लक्ष्मीपूजन रविवारी. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीपासून राज्य कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे शनिवार-रविवारी पडलेला सण सुट्टी म्हणून वाया जातो. त्यातले फार तर दोन दिवस जिल्ह्याला द्या, तीनाचे पाच होतील. हे अघटित मागणं नाही. 2025 मध्ये दहीहंडी आणि अनंत चतुर्दशी शनिवारी आली, तेव्हा मुंबई शहर आणि उपनगरासाठी त्याऐवजी नारळी पौर्णिमा आणि गौरी विसर्जनाची सुट्टी दिली गेली. मुंबईला जमतं ते हिंगोलीला का जमू नये? पाच दिवसांच्या आठवड्यानं कर्मचाऱ्याचे सुट्टीचे दिवस आधीच वाढलेत, हा आक्षेप खरा आहे, म्हणून दोनची मर्यादा घातली. शाळांची काळजी असेल तर शिक्षणहक्क कायद्यानं पाचवीपर्यंत 200 आणि पुढं आठवीपर्यंत 220 दिवस बंधनकारक आहेत, त्यात बसवून करा. तसंही येळवशीला वर्ग भरवला तर मास्तर आणि फळा, दोघंच असतात. गुरुजींनी हे पंगतीतच कबूल केलं.

पण अधिकार वाढवून भागणार नाही, मोजायची रीतही बदलावी लागेल. इथं एक गमतीचा घोळ आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या तीन सुट्ट्या इंग्रजी वर्षाच्या आहेत, सण चांद्र वर्षाचे. 23 डिसेंबर 2022 ला येळवस झाली. मग 2023 ला अधिक श्रावण आला, आणि पुढची येळवस गेली 11 जानेवारी 2024 ला. म्हणजे 2023 या अख्ख्या वर्षात येळवस नाही. आणि 2024 मध्ये दोन, 11 जानेवारी आणि 30 डिसेंबर. आता 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळं पुन्हा तेच. 2026 मध्ये येळवस नाहीच, 2027 मध्ये जानेवारीत एक, डिसेंबरात एक. ज्या वर्षी दोन येतात त्या वर्षी तीनातल्या दोन तिथंच संपतात, मग पोळ्याला काय द्यायचं आणि महालक्ष्म्यांना काय? ज्या वर्षी एकही नसते त्या वर्षीचा दिवस पुढं नेता येत नाही. एक साधी दुरुस्ती, की स्थानिक सुट्ट्यांचा हिशोब पाडवा ते पाडवा धरावा, हा घोळ मुळातून मिटवील. निजामाचं दप्तर पिकाच्या हंगामावरून वर्ष मोजत होतं, फसल म्हणजे पीकच. त्याच्या राज्याचं कौतुक करायचा माझा इरादा नाही, आमच्या घरातले लोक त्याच्याविरुद्ध तुरुंगात होते. पण वर्ष शेतावरून मोजायचं हे त्याच्या कारकुनाला कळत होतं.

राहिला प्रश्न आधी कळण्याचा, आणि खरं तर सगळं इथंच अडतं. पंचांगकर्त्याला येळवस कधी ते पन्नास वर्षं आधी सांगता येतं. आदेश मात्र वर्ष सुरू होताना निघतो, बदल तर सणाच्या तोंडावर. मधल्या मधे मरतो तो बाहेरगावी असलेला माणूस. पुणे ते लातूर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 होतं. ते चुकलं की खासगी ट्रॅव्हल्स. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही असा शासनाचा 2018 चा निर्णय आहे. तो निर्णय सणाच्या आदल्या रात्री ट्रॅव्हल्सवाल्याला वाचून दाखवायची हिंमत असलेला प्रवासी मला भेटायचाय. रजा जोडून आखणी करणाऱ्या पोराला आपण ‘हुशारी करतो’ म्हणतो, पण तो आखणी करतो म्हणून तर दीडपटीच्या दुप्पट भाडं वाचतं आणि त्याच्या साहेबालाही महिनाभर आधी कळतं की शुक्रवारी हा नाही. अचानक आजारी पडणारा बरा, की आधी सांगून जाणारा? दर येळवशीला पुण्यातल्या कचेऱ्यांत किती लातूरकरांना एकदम ताप येतो, हे त्यांच्या साहेबांना विचारा.

परवा भाच्याचा फोन आला होता. जानेवारी 2027 च्या येळवशीचं तिकीट काढायचं तर आरक्षण नोव्हेंबरच्या सुरुवातीला, ऐन दिवाळीत उघडणार. “मामा, त्या दिवशी सुट्टी लागंल का? आईला आन् मावशीला बी त्याच दिवशी सुटावं लागंल.” त्याची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, मावशी बँकेत. मी म्हणालो, तिथी पक्की आहे, आदेश त्या वर्षाचा म्हणजे फार तर त्याच आठवड्यात निघंल, आणि मावशीला तो तसाही लागू नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तीन काढतो. नाही जमलं तर रद्द करू.”